वाचकांचे प्रश्न : ग्लोरिएटाची खिंड नेमकी कोणी जिंकली?

मागच्या अंकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाबद्दल एका वाचकाला उत्तर देताना मी न्यू मेक्सिकोतल्या ग्लोरिएटा खिंडीचा ओझरता उल्लेख केला होता. 'मार्च १८६२ मध्ये टेक्सासच्या फौजेने ती खिंड जिंकली आणि मोहीम गमावली,' एवढंच ते वाक्य. त्यावर आलेल्या पत्रांतून पाच प्रश्न निवडले आहेत. 'एवढं बोलून तुम्ही पुढे निघून गेलात,' अशी एका वाचकाची तक्रार आहे आणि ती रास्त आहे. म्हणून या वेळचं सदर सगळं त्या खिंडीसाठी.

प्रश्न : खिंड जिंकली आणि मोहीम गमावली, हे कसं? 'खिंड लढवणे' म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे बाजीप्रभू येतात. ग्लोरिएटात कोण कोणाला अडवून धरत होतं?

कोणीच कोणाला अडवत नव्हतं. दोन्ही फौजांना खिंड ओलांडून पलीकडे जायचं होतं आणि मधेच त्यांची टक्कर झाली. हे लक्षात घेतलं नाही तर ही लढाई कळत नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं ती चुकीची समजत होतो.

आधी जागा पाहू. सांता फे शहराच्या आग्नेयेला सांग्रे दे क्रिस्तो डोंगररांग संपत येते, तिथे सुमारे साडेसात हजार फूट उंचीवर ही खिंड आहे. मिसूरीहून सांता फेला जाणारा व्यापाराचा जुना रस्ता तिच्यातूनच जायचा. उत्तरेला डोंगर, दक्षिणेला ग्लोरिएटा मेसा, म्हणजे सपाट माथ्याचा आणि तुटलेल्या कड्यांचा लांबलचक डोंगर. त्या काळी रस्त्यावर तीन मुक्कामाच्या जागा होत्या. पूर्वेच्या तोंडाशी कोझलोव्स्कीचं रँच, मधे पिजनचं रँच आणि पश्चिमेला, अपाची कॅन्यनच्या तोंडाशी, जॉन्सनचं रँच. ही तीन नावं ध्यानात ठेवा, बाकी सगळं त्यांच्यामधेच घडतं.

पश्चिमेकडून आले टेक्सासचे लोक. दक्षिणेकडची राज्यं अमेरिकेतून फुटून निघाली होती, त्यांच्या बाजूचे हे. त्यांचा सेनापती जनरल हेन्री सिब्ली. रिओ ग्रांदे नदीच्या काठाकाठाने ते वर सरकले, २१ फेब्रुवारीला व्हाल्व्हर्डेला त्यांनी उत्तरेच्या फौजेला हरवलं, मग अल्बुकर्क आणि सांता फे घेतलं. आता त्यांना खिंड ओलांडून ईशान्येच्या फोर्ट युनियनवर जायचं होतं. त्या मुलुखातला रसदीचा सगळ्यांत मोठा साठा तिथे होता.

पूर्वेकडून आले कोलोरॅडोचे स्वयंसैनिक. यांतले बरेचसे सोन्याच्या खाणींवर काम करणारे. डेन्व्हरकडून सुमारे ४०० मैल, तेही बर्फातून आणि रातोनची खिंड चढून, ही माणसं साधारण दोन आठवड्यांत फोर्ट युनियनला पोचली. त्यांचा प्रमुख कर्नल जॉन स्लॉ हा पेशाने वकील, आणि हाताखालचा मेजर जॉन चिव्हिंग्टन मेथॉडिस्ट पंथाचा धर्मोपदेशक. त्याला फौजेत धर्मगुरूचं काम देऊ केलं होतं. त्याने लढण्याचंच काम मागून घेतलं.

२६ मार्चला चिव्हिंग्टनची ४१८ माणसं अपाची कॅन्यनमध्ये मेजर पायरनच्या टेक्सनांवर आदळली. टेक्सनांनी ओढ्यावरचा पूल मोडून ठेवला होता, तरी कोलोरॅडोच्या घोडेस्वारांनी घोडे त्यावरून उडवले. सत्तरच्या आसपास टेक्सन पकडले गेले. २७ तारीख शांततेत गेली, त्या दिवशी दोन्ही बाजूंना कुमक येऊन मिळाली. कर्नल विल्यम स्करी टेक्सनांची मुख्य फौज घेऊन पहाटेच जॉन्सनच्या रँचवर आला होता.

२८ मार्चच्या सकाळी स्करीने एक निर्णय घेतला आणि सगळं तिथेच फिरलं. रसदीच्या गाड्या, आजारी माणसं, खेचरं आणि थोडासा पहारा जॉन्सनपाशी मागे ठेवून तो हजाराच्या आसपास माणसांनिशी खिंडीत शिरला. तिकडे स्लॉने त्याच सकाळी आपली फौज दोन ठिकाणी वाटली. पाचशेला थोडी कमी माणसं चिव्हिंग्टनबरोबर मेसावर चढवली आणि उरलेली साडेआठशेच्या आसपास घेऊन तो स्वतः रस्त्याने निघाला. चिव्हिंग्टनने डोंगरावरून जाऊन शत्रूच्या बगलेवर उतरावं, असा बेत.

सकाळी अकराच्या सुमारास पिजनच्या रँचजवळ समोरासमोर गाठ पडली. पिन्यॉनची आणि जुनिपरची झाडी इतकी दाट, की दहा-वीस पावलांवरचा माणूस दिसू नये. दुपारभर टेक्सन चढाई करत राहिले. मेजर श्रॉपशायर आणि मेजर रॅगे हे त्यांचे दोन अधिकारी पडले, तरी त्यांनी रँचच्या वरच्या कडेचा चढ घेतला आणि तिथून खाली गोळीबार सुरू केला. स्लॉला हटावं लागलं. संध्याकाळी तो कोझलोव्स्कीकडे परतला. मैदान स्करीच्या ताब्यात राहिलं. त्या घटकेला खिंड टेक्सासने जिंकलेली होती, यात वाद नाही.

त्याच दुपारी चिव्हिंग्टनची माणसं सोळा मैल डोंगर तुडवून कड्याच्या टोकाशी पोचली होती. वाट दाखवत होता न्यू मेक्सिकोच्या स्वयंसैनिकांचा लेफ्टनंट कर्नल मानुएल चावेस. खाली पाहतात तो जॉन्सनचं रँच, गाड्यांच्या रांगा, सोडलेली खेचरं आणि एक तोफ! तासाभराने ते उतरले. उतार इतका उभा, की दोर आणि कातडी पट्टे धरून, घसरत, एकमेकांना आधार देत जावं लागलं. पहारा मोडला, तोफेच्या कान्यात (बत्ती देण्याच्या छिद्रात) मेख ठोकली आणि गाड्या पेटवल्या. साठ ते ऐंशी गाड्यांमधलं पीठ, दारूगोळा, औषधं, तंबू, घोंगड्या जळून गेल्या. शेकडो खेचरं संगिनींनी मारल्याचं जुने वृत्तांत सांगतात. किती मारली आणि किती उधळून लावली यावर अजून वाद आहे. उत्तरेचे काही कैदी तिथे सापडले. खिंडीत मोठी लढाई जुंपली आहे, हे त्यांच्याकडूनच या माणसांना कळलं.

आल्या वाटेने परतणं धोक्याचं होतं. अंधारात दुसऱ्या वाटेने त्यांना खाली आणलं एका पोलिश पाद्र्याने. त्याचं नाव अलेक्झांडर ग्झेलाखोव्स्की, लोक त्याला 'पाद्रे पोलाको' म्हणत.

मग स्करीची माणसं ना घोंगडी ना अन्न अशा अवस्थेत सांता फेकडे वळली.

प्रश्न : पण ऐंशी गाड्या जळाल्या म्हणून आख्खी मोहीम कशी बुडते? रसद पुन्हा गोळा करता आली नसती का?

हा प्रश्न विचारणाऱ्या वाचकाने स्वतः वाहतुकीच्या व्यवसायात असल्याचं लिहिलं आहे. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

सिब्लीची मोहीमच उसन्या रसदीवर उभी होती. शत्रूची कोठारं जिंकत जायची आणि त्यावर फौज पोसायची, मग कोलोरॅडोचं सोनं, शेवटी कॅलिफोर्नियाची बंदरं. नकाशावर हे सुंदर दिसतं. पण न्यू मेक्सिको हा कोरडा, विरळ वस्तीचा मुलूख. तिथली शेती तिथल्याच लोकांना जेमतेम पुरायची, तिच्यावर अडीच हजारांची फौज किती दिवस जगणार? शिवाय उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी अल्बुकर्क आणि सांता फे सोडण्याआधी कोठारं पेटवून दिली होती. टेक्सन पोचले ते राखेपाशी. क्युबेरो नावाच्या गावी थोडाफार साठा हाती लागला, तेवढाच. जॉन्सनपाशी उभ्या असलेल्या गाड्या म्हणजे त्या फौजेचं उरलंसुरलं सगळं घर होतं.

दुसरं, मागचा रस्ता तुटलेला होता. फोर्ट क्रेग हा किल्ला सिब्लीने घेतलाच नव्हता, वळसा घालून पुढे आला होता. त्या किल्ल्यात कर्नल एडवर्ड कॅन्बी फौजेसकट बसलेला. (सिब्ली आणि कॅन्बी दोघेही वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेतले, आणि १८६० च्या, नवाहो या तिथल्या मूळ रहिवाशांविरुद्धच्या मोहिमेत सिब्ली याच कॅन्बीच्या हाताखाली लढला होता. सिब्लीने शोधलेला शंकूच्या आकाराचा तंबू तर या युद्धात उत्तरेचे सैनिकही वापरत. 'यादवी' हा आपला शब्द मला अशा वेळी फार नेमका वाटतो.)

आणि तिसरं कारण, जे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. लोक टेक्सनांबरोबर नव्हते. १८४१ मध्ये, टेक्सास वेगळा देश असताना, त्यांची एक टोळी सांता फेवर हक्क सांगायला आली होती आणि पकडली गेली होती. ती आठवण वीस वर्षांत पुसली नव्हती. धान्य लपवलं जाई, आणि दक्षिणेच्या कागदी नोटा कोणाला नको असत. पैसा चालत नाही, धान्य मिळत नाही, जनावरं मेलेली. तुमच्या व्यवसायात याला काय म्हणतील ते तुम्हीच सांगा.

एप्रिलमध्ये सिब्ली मागे फिरला. अल्बुकर्कला ८ तोफा जमिनीत पुरून ठेवल्या; ज्या अधिकाऱ्याने पुरल्या त्यानेच १८८९ मध्ये परत येऊन जागा दाखवली. १५ एप्रिलला पेराल्टाला चकमक झाली. मग फोर्ट क्रेग चुकवायला नदी सोडून डोंगरातून लांबचा वळसा, पाण्यावाचून. वाटेवर गाड्या आणि माणसं मागे पडत गेली. पुन्हा टेक्सासची फौज त्या बाजूला आली नाही.

प्रश्न : याला 'पश्चिमेचं गेटिसबर्ग' म्हणतात. योग्य आहे का?

मी ते नाव वापरत नाही. गेटिसबर्गला तीन दिवसांत पन्नास हजारांच्या आसपास माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. ग्लोरिएटात दोन्ही बाजूंचे मृत, जखमी आणि कैदी मिळून चारशेसुद्धा भरत नाहीत. मेलेले शंभराच्या घरात. लहान लढाईला लहान म्हणावं. तिची ओळख सांगायला मोठ्या लढाईचं नाव लागू नये.

प्रश्न : चिव्हिंग्टनबद्दल वाचलं तेव्हा सँड क्रीकचा उल्लेख सापडला आणि मन विटलं. अशा माणसाच्या पराक्रमाचं कौतुक आपण का करायचं?

या वाचक भगिनींचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यांचं म्हणणं मला मान्य आहे, आणि मागच्या अंकात मी सँड क्रीकबद्दल एक अक्षर लिहिलं नाही ही माझी चूक होती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. २९ नोव्हेंबर १८६४ ला याच चिव्हिंग्टनने कोलोरॅडोच्या सैनिकांना घेऊन सँड क्रीकवरच्या शायेन आणि अरापाहो या मूळ रहिवाशांच्या तळावर पहाटे हल्ला केला. तळाचा प्रमुख ब्लॅक केटल याने अमेरिकेचा झेंडा आणि त्याखाली पांढरं निशाण उभारलं होतं. दीडशेहून अधिक माणसं मारली गेली, त्यांत बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. चौकश्या झाल्या, निषेध झाला. चिव्हिंग्टन तोवर फौजेतून बाहेर पडला होता, त्याला शिक्षा झाली नाही.

वाटाड्या चावेसचं कौतुक करावं म्हणून मी त्याची माहिती काढली, तर तिथेही हेच. सप्टेंबर १८६१ मध्ये फोर्ट फॉन्टलरॉयवर घोड्यांच्या शर्यतीवरून वाद झाला आणि त्याच्या हुकमतीखालच्या सैनिकांनी नवाहो लोकांवर गोळ्या झाडल्या. बायका आणि मुलंसुद्धा मेली. तेव्हा तो त्या ठाण्याचा प्रमुख होता. सहा महिन्यांनी तोच माणूस मेसावरून पाचशे जणांना नेत होता.

हे सगळं एकत्र सांगायला हवं, असं मला वाटतं. शाळेत तीस वर्षं शिकवताना मुलं विचारायची, 'सर, हा चांगला होता की वाईट?' मी कधी कधी घाईत एका शब्दात उत्तर दिलं, त्याचं आज वाईट वाटतं. कड्यावरून उतरण्याची गोष्ट खरी आहे आणि सँड क्रीक खरं आहे. पहिली सांगताना दुसरी गाळली, तर तिथे मेलेल्या मुलांशी आपण पुन्हा एकदा अन्याय करतो.

मात्र कोलोरॅडोच्या त्याच पलटणीतला एक माणूस मला तुम्हाला भेटवायचा आहे. सायलस सूल. ग्लोरिएटाच्या मोहिमेत तो होता. सँड क्रीकलाही होता, कॅप्टन म्हणून, आणि तिथे त्याने आपल्या तुकडीला गोळी झाडू दिली नाही. पुढे चौकशीत त्याने जे पाहिलं ते सगळं सांगितलं. एप्रिल १८६५ मध्ये डेन्व्हरच्या रस्त्यावर त्याला गोळी घालून मारलं. वय अवघं सव्वीस.

दुसरं नाव लुईसा कॅन्बी. टेक्सनांच्या शत्रूच्या सेनापतीची, म्हणजे कर्नल कॅन्बीची बायको, सांता फेतच राहिलेली. खिंडीतून गारठलेले, रक्ताने माखलेले टेक्सन शहरात येऊ लागले तेव्हा तिने इतर अधिकाऱ्यांच्या बायकांना गोळा केलं, जखमींची शुश्रूषा केली, स्वतःच्या घरात त्यांना ठेवलं. उत्तरेच्या लोकांनी लपवून ठेवलेल्या घोंगड्या कुठे आहेत हेही तिने त्यांना सांगितल्याचं म्हणतात. नवरा त्यांच्याशी लढत होता आणि ही त्यांना पांघरूण देत होती. कौतुक कोणाचं करायचं, असं तुम्ही विचारलंत, तर माझं उत्तर हे दोघे.

प्रश्न : आम्ही या वर्षी सांता फेला जाणार आहोत. खिंडीत आज पाहण्यासारखं काय आहे? आणि ही खिंड याआधीही कधी लढवली गेली होती का?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. लढवली जायची होती, पण गेली नाही. ऑगस्ट १८४६ मध्ये अमेरिकेची फौज मेक्सिकोकडून हा मुलूख घ्यायला येत होती. गव्हर्नर मानुएल आर्मिहोने अपाची कॅन्यनमध्ये माणसं जमवली आणि ऐन वेळी सगळ्यांना घरी पाठवून स्वतः दक्षिणेकडे निघून गेला. अमेरिकन फौज एकही गोळी न झाडता सांता फेत शिरली. तुम्ही म्हणता तशी 'खिंड लढवण्याची' खरी वेळ तीच होती.

आता पाहण्याबद्दल. माझी मुलगी डेन्व्हरला असते. काही वर्षांपूर्वी तिच्या गाडीतून आम्ही तिथे गेलो. ज्या वाटेला त्या खाणकामगारांना दोन आठवडे लागले ती आम्ही सकाळी निघून दुपारपर्यंत संपवली. रातोनच्या चढावर मी मुलीला गाडी थांबवायला लावली आणि दोन मिनिटं उतरून वारा अंगावर घेतला. सप्टेंबर होता, तरी बोचत होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाठीवर ओझं घेऊन, कसे चालले असतील!

रणभूमी आता पेकॉस राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात आहे. आधी उद्यानाच्या माहिती केंद्रात जा, कारण रणभूमीच्या पायवाटेच्या फाटकाला कुलूप असतं आणि ते उघडायचा क्रमांक तिथेच मिळतो. केंद्राजवळ पेकॉस पुएब्लोचे अवशेष आहेत. खिंडीच्या तोंडाशी शतकानुशतकं व्यापार करणाऱ्या मूळ रहिवाशांचं हे गाव. १८३८ मध्ये शेवटची माणसं ते सोडून गेली. घाईने पुढे जाऊ नका, तासभर तरी द्या.

पायवाट साधारण साडेतीन किलोमीटरची, गोल फिरून परत येणारी. उंचीमुळे दम लागतो, पाणी बरोबर ठेवा. झाडी अजून इतकी दाट आहे, की मुलगी वळणापुढे गेली आणि मला दिसेनाशी झाली. फक्त तिच्या पावलांचा आवाज येत होता. स्लॉची आणि स्करीची माणसं त्या दुपारी आवाजावरच गोळ्या झाडत असतील.

पिजनच्या रँचचं मातीच्या विटांचं एक बैठं घर उरलं आहे. रस्त्याला इतकं चिकटून, की गाडीतून हात बाहेर काढला तर भिंतीला लागेल असं वाटतं. लढाईत तिथे दवाखाना होता, आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या. त्याच्याजवळच १९८७ मध्ये घराचा पाया खणताना टेक्सासच्या ३१ सैनिकांचे सांगाडे निघाले. सव्वाशे वर्षं ते तिथेच होते. मेजर श्रॉपशायरची ओळख पटली आणि त्याला केंटकीला, जन्मगावाच्या मातीत नेलं. बाकीच्या तिसांना १९९३ मध्ये सांता फेच्या राष्ट्रीय दफनभूमीत पुरलं, उत्तरेच्या सैनिकांबरोबर एकाच आवारात. तुम्ही सांता फेतच असाल, तर तिथे जरूर जा.

जॉन्सनच्या रँचची जागा मात्र शोधत बसू नका. तिथून आता महामार्ग आणि लोहमार्ग जातो. सांता फेहून निघालात की काही वेळाने रस्ता डोंगरांच्या मधे अरुंद होतो, तिथे गाडी जरा सावकाश चालवा आणि उजव्या हाताला वर पाहा. मेसाची कड दिसते. ती माणसं तिथूनच उतरली होती.